साहेबाची खुर्ची नेमकी कुणाची?

अहिल्यानगरच्या एखाद्या जुन्या बंगल्यात वेत विणलेली, लांब हातांची शिसवी आरामखुर्ची दिसली, की तिची ओळख ठरलेलीच असते: इंग्रजांच्या काळातली, विलायतेहून आलेली. खाली डोकावून पाहण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. युरोपीय फर्निचरच्या इतिहासाबद्दलचे कितीतरी गैरसमज या एका ओळखीत दडलेले आहेत.

पहिला समज काळाचा. 12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला, पुढे छावणी वसली आणि साहेबाच्या मागोमाग खुर्ची-पलंग इथे आले, असे मानले जाते. मात्र उंच आसनांना साहेबाची गरज नव्हती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत पायांची आसने आणि सिंहासने सहज सापडतात. युरोपशी ओळखही नगरला 1803 च्या कितीतरी आधी झालेली होती. 1563 मध्ये गोव्यात औषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा नगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वैद्य म्हणून वावरलेला माणूस. निजामशाहीचे बंदर होते चौल, आणि त्याला लागूनच रेवदंड्याला पोर्तुगीजांचे ठाणे. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने चौलच्या कारागिरांचे कौतुक लिहून ठेवले आहे. लाखेच्या रंगांनी मढवलेले तिथले पलंग आणि लिहिण्याच्या पेट्या त्याच्या नजरेत भरल्या होत्या. गिऱ्हाईक पोर्तुगीज, घाट त्याच्या आवडीचा. पण लाकूड, लाख आणि हात इथले.

‘युरोपीय घाटाची वस्तू म्हणजे युरोपातच घडलेली’ हा समज तर खुद्द युरोपीयांनाही भोवला. लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरासाठी हॉरेस वॉलपोल या इंग्रज सरदारपुत्राने अठराव्या शतकात कोरीव काळ्या लाकडाच्या खुर्च्या मोठ्या हौसेने जमवल्या. त्या सोळाव्या शतकातल्या, ट्यूडर राजांच्या काळातल्या अस्सल इंग्रजी खुर्च्या आहेत, अशी त्याची खात्री होती. तोच समज धरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘एलिझाबेथकालीन’ म्हणून तशा नकलाही तयार झाल्या. प्रत्यक्षात त्या आबनुसी खुर्च्या सतराव्या शतकात भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर घडल्या होत्या. इंग्रजांनी आपला वारसा म्हणून मिरवलेली वस्तू आपल्याकडच्या सुताराची होती, हे नगरच्या शाळकरी मुलांनाही सांगायला हवे.

वेताच्या विणीचेही तसेच. 1660 नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून पूर्वेकडचा वेत इंग्लंडमध्ये पोहोचला आणि हलक्या, स्वस्त, धूळ न धरणाऱ्या खुर्च्यांची तिथे इतकी चलती झाली, की गाद्या-गिलाफांना लागणारे लोकरीचे कापड खपेना म्हणून त्या धंद्यातले लोक संसदेपर्यंत तक्रार घेऊन गेले.

आता ‘व्हिक्टोरियन’ या शिक्क्याविषयी. गडद रंगाचे, भरपूर कोरीव काम असलेले काहीही दिसले की त्याला हे नाव मिळते. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द 1837 ते 1901 अशी सुमारे चौसष्ट वर्षांची होती आणि तेवढ्या काळात गॉथिक, रोकोको, रेनेसाँ अशा जुन्या शैलींची एकामागून एक पुनरावृत्ती झाली. फ्रेंच ‘लुई’ही एक नव्हे. चौदाव्या लुईच्या काळातले भारदस्त बरोक, पंधराव्याच्या काळातले शिंपल्या-वेलींचे नागमोडी रोकोको, आणि पाँपेईच्या उत्खननाने प्राचीन रोमची ओढ लागल्यावर सोळाव्याच्या काळात आलेले सरळ पायांचे नवअभिजात फर्निचर, हे तीन वेगळे स्वभाव आहेत. मुंबईच्या मेडोज स्ट्रीट भागात एकोणिसाव्या शतकात जे शिसवी ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ फर्निचर विकले जाई, त्यात रोकोकोचे वळण आणि इथली दाट पानाफुलांची जाळी एकत्र नांदते.

आणि नक्षी जितकी जास्त तितकी वस्तू जुनी, हेही खरे नाही. 1845 मध्ये जॉर्डन नावाच्या इंग्रजाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनातल्या कोरीव कामासाठी ते यंत्र वापरले गेले. चेंडू पकडलेल्या पंजाचा पाय असला की ‘चिपेंडेल’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की थॉमस चिपेंडेल या इंग्रज फर्निचर-कारागिराच्या 1754 च्या नमुनाग्रंथात तो पाय नाहीच.

छावणीच्या गावाला सर्वांत जवळचा गैरसमज शेवटचा: साधे, सुटसुटीत, आधुनिक फर्निचर ही निव्वळ युरोपची देणगी. फौजेबरोबर हिंडणाऱ्या अधिकाऱ्यांना सामान बैलगाडीवर आणि उंटावर लादावे लागे. त्यातून पितळी कोपऱ्यांच्या, दोन भागांत सुट्या होणाऱ्या पेट्या आल्या, घडीचे पलंग आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकीच्या लष्करी इंजिनिअरांकडून ‘रुडकी खुर्ची’ आली. तिला सरस नाही, खिळे नाहीत. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांच्या भोकांत बसतात आणि कॅनव्हास व पट्टे सगळा सांगाडा ताणून धरतात. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात, आणि माणूस बसला की सांधे आणखी घट्ट होतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने 1933 मध्ये याच खुर्चीवरून आपली ‘सफारी चेअर’ बेतली. आज स्कँडिनेव्हियन साधेपणाचा नमुना म्हणून ती दाखवली जाते. तिचे मूळ मात्र हिंदुस्थानातल्या छावण्यांत आहे.

घरात अशी जुनी खुर्ची, कपाट किंवा पेटी असेल, तर भंगारात देण्याआधी किंवा तिच्यावर चकचकीत पॉलिश चढवण्याआधी ती उलटी करून पाहा. लाकूड शिसव आहे की साग, सांधा हाताने केलेला आहे की यंत्राने, कुठे दुकानाचा शिक्का आहे का, हे टिपून ठेवा. ती घरात कुठून आली, हे थोरामोठ्यांना आताच विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.