शेवटी पोहोचणारी जिंकते तेव्हा

सगळ्यांच्या आधी मुक्कामी पोहोचणाऱ्या विमानाला या शर्यतीत त्याबद्दल एक गुणही मिळत नाही. अमेरिकेतली ‘एअर रेस क्लासिक’ ही फक्त महिला वैमानिकांची शर्यत. जून महिन्यात होते, मार्ग दरवर्षी बदलतो, अंतर सुमारे २,४०० मैल आणि मुदत चार दिवसांची. विमानं साधी, पंख्याची. त्यांत फरक मात्र मोठा: कुणाचं इंजिन शंभरेक अश्वशक्तीचं, तर कुणाचं त्याच्या कितीतरी पट. म्हणून शर्यतीआधी प्रत्येक विमान पूर्ण ताकदीनं वेगवेगळ्या दिशांना उडवून त्याचा स्वतःचा वेग ठरवतात. हा त्याचा हँडिकॅप. शर्यतीत जमिनीवरून मोजलेला वेग या आकड्याच्या जितका वर, तितके गुण.

आपल्याकडच्या मैदानी खेळांत दुबळ्या गड्याला लिंबूटिंबू म्हणून सवलत मिळते, तसलाच हा प्रकार वाटण्याचा संभव आहे. पण लिंबूटिंबूला बाद करत नाहीत. इथे सवलत कुणालाच नाही. इंजिनाची ताकद हिशेबातून वजा केली की काय उरतं? वारा, आणि तो ओळखणारी माणसं. इंजिन सगळ्याच जणी पूर्ण ताकदीवर चालवतात, त्यामुळे त्यातून आणखी काही पिळून काढता येत नाही. माझ्या मते या शर्यतीचं खरं यंत्र हा हँडिकॅपच आहे.

वारा म्हणजे नशीब, आज पाठीशी तर उद्या तोंडावर, गोळाबेरीज शून्य, असं कुणी म्हणेल. हिशेब मात्र तसा होत नाही. ताशी १२० मैलांचं विमान घ्या आणि २० मैलांचा वारा. १४० मैल वाऱ्याबरोबर जायला एक तास लागतो. तेच अंतर वाऱ्याविरुद्ध परतायला एक तास चोवीस मिनिटं. सरासरी १२० न येता ११७च्याही खाली येते, कारण तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो. वारा नुसता सोसणारीचं नुकसान ठरलेलंच, आणि टाळणारीसाठी जागा तिथेच सापडते. जमिनीलगत घर्षणानं वारा मंदावतो, म्हणून तो तोंडावर असला की खालून उडायचं. पाठीशी असला की वर चढायचं. पण टर्बोचार्जर नसलेलं इंजिन विरळ हवेत दमतं आणि चढण्यातही वेळ जातो. वर मिळणारा वारा इंजिनाच्या तोट्याहून आणि चढाईच्या वेळेहून मोठा आहे का, हा सवाल टप्प्याटप्प्याला नव्यानं सोडवावा लागतो.

त्याहून अवघड निर्णय थांबण्याचा. टप्प्याच्या शेवटी वेळ नोंदवण्याच्या रेषेवरून विमान गेलं की त्या टप्प्याचं घड्याळ थांबतं; उतरणं, इंधन, झोप यांचा वेळ धरत नाहीत. म्हणजे वारा फिरेपर्यंत विमानतळावर बसून राहता येतं. पण उड्डाण फक्त दिवसाउजेडी आणि डोळ्यांना दिसेल अशा हवेतच करायचं असतं. आज फार थांबलं आणि उद्या पुढे वादळी ढग जमले, तर मुदत हुकते. नशिबाचा वाटा शिल्लक राहतोच, पण मुदत चार दिवसांची असल्यानं तो पातळ होतो.

आता नेहमीचा प्रश्न: स्त्रियांची वेगळी शर्यत कशाला? मूळ १९२९च्या ऑगस्टमध्ये आहे. सांता मोनिका ते क्लीव्हलंड अशी अमेरिकेतली महिलांची पहिली मोठी हवाई शर्यत झाली. विनोदकार विल रॉजर्सनं तिला ‘पावडर पफ डर्बी’ म्हणून हिणवलं. अ‍ॅरिझोनात मार्व्हल क्रॉसन कोसळून मरण पावली. शर्यत बंद करा अशी ओरड झाली, बाकीच्या पुढे उडाल्या. लुईझ थेडन पहिली आली, तेव्हाही प्रसिद्ध असलेली अमेलिया इअरहार्ट तिसरी. त्याच नोव्हेंबरात महिला वैमानिकांची ‘नाइन्टी-नाइन्स’ संघटना उभी राहिली. संस्थापक सदस्य नव्व्याण्णव, म्हणून हे नाव. पुढे १९३४च्या बेंडिक्स शर्यतीत स्त्रियांना बंदी घातली गेली. ती उठल्यावर १९३६ साली थेडन आणि ब्लँच नॉइज यांनी पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून ती जिंकली. १९४७पासून चाललेली महिलांची शर्यत सत्तरच्या दशकात थांबली आणि १९७७ साली एअर रेस क्लासिक सुरू झाली.

हा इतिहास झाला, आज काय गरज, असं कुणी विचारेल. अमेरिकेत विद्यार्थी वैमानिक धरूनही स्त्रिया दहांत एकीच्या आसपास आहेत. (भारतीय विमान कंपन्यांत हे प्रमाण अमेरिकी कंपन्यांहून बरंच जास्त आहे.) पण मला संख्येपेक्षा इथली शिकवणी महत्त्वाची वाटते. कॉलेजच्या मुली आणि सत्तरी ओलांडलेल्या बाया एकाच नियमानं उडतात, आणि प्रत्येक विमानात किमान दोघी असतात. हवामानाचा अंदाज कागदावर वाचणं वेगळं आणि त्यावर आपलं इंधन, दिवस आणि गुण लावणं वेगळं. हे दुसरं शिकायला जागा थोड्याच.

शेवटच्या विमानतळावर या पणाला लावण्याचं चित्र दिसतं. वेगवान विमानं केव्हाच ओळीनं उभी असतात, त्यांच्या वैमानिक आकाशाकडे बघत असतात. वारा फिरायची वाट बघत मागे थांबलेलं एखादं संथ विमान मुदतीआधी येऊन रेषेवरून जात नाही, तोवर कोण जिंकलं हे त्यांनाही कळत नाही.