विमानास वाट कोण दाखवितें?

उन्हाळ्याच्या रात्रीं जऊळक्यास अंगणांत बाज टाकून पडलें, म्हणजे चांदण्यांतून सरकत जाणारा एखादा लुकलुकता दिवा दृष्टीस पडतो. मुंबईपासून नागपुरापर्यंत नकाशावर रेघ ओढली, तर ती आमच्या गांवाच्या किंचित् उत्तरेकडून जाते. घरांतील मुलें विचारतात, "आजोबा, वर ना सडक, ना मैलाचा दगड, मग विमान चुकत कसें नाहीं?"

प्रश्न पोरकट नव्हे. ता. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें, तेव्हां विमानांत रेडिओ नव्हता. जमिनीवरील खुणा पाहूनच मार्ग काढावयाचा. पुढें 1949 सालीं रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमून थैल्यांची अदलाबदल करीत. अंधारांत खुणा कसल्या? तेथें डोळ्यांचें काम रेडिओलहरींवर सोंपवावें लागतें.

नागपूर विमानतळाच्या 'व्हीओआर' केंद्राची युक्ति आम्ही मुलांस अशी सांगतों. एक दीपस्तंभ कल्पावा. त्याचा झोत मिनिटांत एक फेरा घेतो, व तो उत्तरेस येतांच सर्व दिशांस दिसेल असा एक भडका उडतो. भडक्यानंतर पंधरा सेकंदांनीं झोत आपल्या डोळ्यांवर आला, तर आपण स्तंभाच्या पूर्वेस आहों. केंद्रांत दिव्याऐवजीं लहरी असतात आणि फेरे सेकंदास 30. जऊळक्यावरील विमानास नागपुरापासूनची आपली दिशा सुमारे 245 अंश मिळते, म्हणजे नैऋत्य व पश्चिम यांच्या मधली. अंतरासाठीं विमान प्रश्न धाडतें, केंद्र उत्तर देतें. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. गंमत अशी, कीं दहा किलोमीटर उंचीवर स्पष्ट मिळणारी ही लहर आमच्या अंगणांत पोंचत नाहीं. पृथ्वीची गोलाई आड येते.

आतां उपग्रह आले, मग हीं जुनीं केंद्रें कशाला, असें शिकलेले लोकही म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. उपग्रहाची लहर खालीं येईपर्यंत इतकी क्षीण होते, कीं तिला बुडविणें, किंवा खोटी लहर सोडून विमानास भलतेंच ठिकाण दाखविणें फारसें अवघड नाहीं. नोव्हेंबर 2023 मध्यें आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयास याविषयीं सूचनापत्र काढावें लागलें. अशा प्रसंगीं जमिनीवरचें केंद्रच कामास येतें.

"आणि तें केंद्रच खोटें बोललें तर?" धाकट्या नातीनें विचारलें. त्याचीही सोय आहे. केंद्राजवळ एक पहारेकरी यंत्र अखंड लहर तपासीत असतें. दिशा एका अंशाहून अधिक ढळली, कीं तें राखीव यंत्र चालू करतें, नाहीं तर केंद्रच बंद पाडतें.