चित्रातल्या पोरी बोलतात किती?

मायबहिणींनो, संध्याकाळी आपण भाकऱ्या थापत असतो आणि पोरे टीव्हीपुढे नाहीतर मोबाइलपुढे कार्टून बघत बसतात. बसू द्या, निदान पायांत येत नाहीत, असे आपण म्हणतो. पण त्या चित्रांतली बाई काय करते, काय बोलते, हे कधी जवळ बसून पाहिले आहे का? लेकी मात्र ते टक लावून पाहतात.

अमेरिकेतल्या वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने १९३७ साली 'स्नो व्हाइट' हा आपला पहिला लांब कार्टूनपट काढला. सावत्र आई जिवावर उठते म्हणून राजकन्या रानात पळते, सात बुटक्यांच्या घरी झाडलोट नि स्वयंपाक करते, विषारी सफरचंद खाऊन निपचित पडते आणि राजपुत्र येऊन तिला जागे करतो. १९५० ची 'सिंड्रेला' याच वळणाची. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'तली राजकन्या तर ऐन वेळी झोपलेलीच! सोसावे, गोड गावे आणि वाट पाहावी, एवढेच त्यांचे काम.

ही चित्रे काढली कोणी? पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. त्यासाठी पुरुष चित्रकार कागदावर चित्रे काढीत. ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवून मागून रंग भरायचे किचकट काम तरुण मुलींकडे असे. १९३८ साली काम मागणाऱ्या एका मुलीला कंपनीने चक्क लेखी कळवले, की कल्पकतेचे काम पुरुषच करतात, बायकांनी गिरवावे नि रंगवावे. आपल्याकडे खुरपणी बाईची नि सातबारा बाप्याचा, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना! आणि गंमत पाहा, आजवर टिकून असलेला हलत्या चित्रांचा सर्वांत जुना लांब सिनेमा एका बाईनेच केलेला आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी काळा पुठ्ठा कात्रीने कापून राजपुत्र अहमदची गोष्ट सावल्यांतून उभी केली, ती १९२६ साली.

डिस्नेच्या लांब कार्टूनपटाची पटकथा लिहायला बाई आली ती थेट १९९१ मध्ये. लिंडा वूल्वर्टन यांनी 'ब्यूटी अँड द बीस्ट' लिहिला. त्यांची नायिका बेल जग पाहायला आसुसलेली, म्हणून ती नकाशावर टाचण्या टोचते असा प्रसंग त्यांनी लिहिला होता. चित्रकारांच्या हातून तो परत आला तेव्हा बेल स्वयंपाकघरात केक सजवत होती! बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी तडजोड झाली आणि बेल पुस्तक वाचत गावातून चालताना दिसली. आज तिची तीच ओळख आहे.

पुढे १९९८ च्या 'मुलान'मध्ये म्हाताऱ्या बापाच्या बदली मुलगी केस कापून, पुरुषी वेषात लढाईला गेली. आता सारे पालटले, असे वाटले. पण २०१६ साली कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझनहाउअर या दोन भाषा-अभ्यासक बायकांनी या सिनेमांतले बोलणे मोजले. झोपलेल्या राजकन्येच्या सिनेमात ७१ टक्के बोलणे बायकांचे निघाले, कारण तिथे पऱ्या होत्या, दुष्ट चेटकीण होती. आणि शूर मुलानच्या सिनेमात? ७७ टक्के पुरुषांचे! नायिका एकटीच, पण सोबतचा शिपाई, बाजारातला दुकानदार, हसवणारा प्राणी, सगळे पुरुष. मुलानने तलवार घेतली, पण भोवती बाई ठेवायचे कोणाला सुचले नाही.

२०१२ च्या 'ब्रेव्ह'मध्ये ७४ टक्के बोलणे बायकांचे झाले. ब्रेंडा चॅपमन यांना ही गोष्ट स्वतःच्या लेकीशी होणाऱ्या वादांतून सुचली. त्यातली मेरिडा धनुष्य घेऊन स्वतःच्याच स्वयंवरात उतरते, पण खरा झगडा आई नि लेकीचा आहे. मला तर हाच सिनेमा अधिक भावला. २०१३ च्या 'फ्रोझन'मध्ये नायिका दोन सख्ख्या बहिणी आणि एक दिग्दर्शकही बाई, जेनिफर ली, तरीही पुरुषांचे बोलणे निम्म्याहून जास्त.

आपल्या मुंबईतही गीतांजली राव यांनी २०१९ साली 'बॉम्बे रोज' केला, एकेक चौकट हाताने रंगवून. तो मात्र मोठ्या माणसांसाठी आहे बरे का. त्यातली कमला राजकन्या नाही. बालविवाहातून सुटून शहरात आलेली ही पोर फुले विकते आणि आजोबांचे नि धाकट्या बहिणीचे पोट भरते.