वजनाच्या वहीतील विमान

विमानाची प्रतिकृती म्हटली की दिवाणखान्यातील काचेचे कपाट डोळ्यांपुढे येते. युरोपातील काही हौशी कारागीर मात्र तीन-चार मीटर लांबीची जेट विमाने घरी घडवतात. ती खऱ्या टर्बाइन इंजिनावर उडतात आणि जमिनीवर उभा असलेला चालक रेडिओच्या साहाय्याने त्यांना वळवतो, उतरवतो.

पूर्वी अशी विमाने नळकांड्यात बसवलेल्या पंख्यावर उडत. तो पंखा पिस्टनचे इंजिन फिरवी. १९९० च्या सुमारास जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती साधनांनी छोटे टर्बाइन इंजिन सिद्ध केले. त्यातील हवा दाबणारे चक्र चक्क प्लायवूडचे होते! वेगाने फिरताना ते फुटू नये म्हणून त्याला कार्बनच्या तंतूंचे वेष्टन दिले होते. आजच्या धातूच्या इंजिनांचे चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते.

इंजिन आता विकत मिळते. खरी कसोटी वजनाची. विमान सर्व बाजूंनी दुप्पट केले, तर पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते. वजन मात्र आठपट. पंखांवरील भार असा दुपटीने वाढला की विमान अधिक वेगाने उतरवावे लागते आणि चुकीला क्षमा उरत नाही. म्हणून कारागीर प्लायवूडच्या आडव्या चौकटी कोरून पोकळ करतो, फोमच्या पंखावर काचतंतूंचा पातळ थर चढवतो, प्रत्येक भाग तराजूत घालून वहीत नोंदवतो. शेपटीकडे वजन वाढले, तर तोल साधण्यासाठी नाकात शिसे भरावे लागते. म्हणजे एकाच चुकीची किंमत दोनदा! व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

इंधन म्हणून केरोसीन वापरतात. बेअरिंगसाठी त्यात थोडे तेल मिसळतात. नळीतून हवेचा एक बुडबुडा गेला तरी इंजिन विझू शकते. म्हणून मोठ्या टाकीपुढे सदैव भरलेली एक छोटी टाकी ठेवतात.

ब्रिटनमध्ये २५ किलोंहून जड प्रतिकृतीला विशेष परवानगी लागते. बांधणी चालू असतानाच तपासनीस ती पाहतो. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी छंदाच्या प्रतिकृतीला २५ किलोंची मर्यादा घातली असून, ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची आहे.

रेडिओचे ग्राहकयंत्र आणि बॅटरी यांच्या जोड्या बसवतात. तरीही संपर्क तुटलाच, तर काय करायचे, हे उड्डाणापूर्वीच यंत्रात नोंदवलेले असते : इंजिन बंद करायचे. विमान भरकटून वस्तीवर जाण्यापेक्षा ते मोकळ्या माळावर पडलेले बरे. कित्येक वर्षांच्या श्रमांवर पाणी सोडणारी ही आज्ञा कारागीर स्वतःच्या हाताने नोंदवतो आणि प्रत्येक उड्डाणाआधी, विमान जमिनीवर धरून आणि रेडिओ बंद करून, ती पाळली जाते ना, हे पाहतो.