अनुवादित कवितेला ग्रंथालयांचा आधार

परभाषेतील काव्य मराठीत आणण्याची परंपरा रायगड जिल्ह्याला नवी नाही. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या किनारपट्टीत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजासाठी, वल्हांडणाच्या सणात वाचला जाणारा 'हगदा' हा हिब्रू ग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापला गेला. याच जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले डॉ. चिंतामणराव देशमुख यांनी रिझर्व्ह बँकेची आणि देशाच्या अर्थखात्याची धुरा वाहिली, तसेच कालिदासाचे 'मेघदूत'ही मराठीत आणले.

'हगदा'ला निश्चित वाचकवर्ग होता. सण आला की घरोघरी त्याची गरज भासे. आजच्या अनुवादित काव्यसंग्रहाला असा हक्काचा वाचक नसतो आणि खर्च मात्र अधिक असतो. कालिदासाच्या अनुवादाला कोणाची अनुमती लागत नाही. परंतु हयात असलेल्या बंगाली वा मल्याळी कवीची अनुमती घ्यावी लागते. प्रताधिकार कायद्यानुसार हे बंधन कवीच्या निधनानंतरही ६० वर्षे राहते. मूळ कवी व अनुवादक या दोघांचे मानधन आणि छपाईचा खर्च थोड्या प्रतींवर विभागला गेल्याने लहान प्रकाशकाला हे धाडस परवडत नाही.

शासकीय साहाय्याचे काही मार्ग उपलब्ध आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. मंडळाची नवलेखक अनुदान योजना अनेक लेखकांना उपकारक ठरली. तथापि ती नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी असल्याने अनुभवी अनुवादकाला तिचा लाभ होत नाही. साहित्य अकादमी १९८९ पासून अनुवादासाठी पुरस्कार देते. पण पुरस्कार हा प्रकाशनानंतरचा गौरव होय. पुस्तक निघण्यापूर्वीची चिंता त्याने दूर होत नाही.

ही चिंता ग्रंथखरेदीने दूर होऊ शकते. नॉर्वेमध्ये १९६५ पासून नव्या साहित्यकृतींच्या प्रती सार्वजनिक निधीतून विकत घेऊन ग्रंथालयांना दिल्या जातात. प्रकाशकाला किमान खप मिळतो आणि पुस्तक गोदामात न पडता वाचकाच्या हाती जाते. आपल्याकडेही या कामाची चौकट तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानामार्फतही राज्याच्या सहभागाने ग्रंथ पुरविले जातात.

मात्र गावच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक यावे, याचा विचार बहुतांशी स्थानिक कार्यकारी मंडळ करते. कादंबऱ्या, चरित्रे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांना मागणी असल्याने कवितेचा, त्यातही अनुवादित कवितेचा, क्रमांक शेवटी लागतो. प्रत्येक ग्रंथालयाने वर्षाकाठी असे एक पुस्तक जरी घेतले, तरी राज्यभरातील हजारो ग्रंथालयांमुळे एका आवृत्तीला पुरेसा आधार मिळेल. यासाठी नव्या योजनेची वा वाढीव तरतुदीची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिक्षकांनी अशा पुस्तकांची मागणी ग्रंथालयाकडे नोंदवावी, शाळेत त्यांचे वाचन घडवून आणावे. पंचायत सदस्यांनी गावच्या ग्रंथालयाच्या खरेदीकडे लक्ष पुरवावे. बंदरांवाटे अनेक भाषांचे स्वागत केलेल्या या किनाऱ्यावर त्या भाषांतील कविताही गावच्या ग्रंथालयात सुखाने नांदू शकेल.