रिपोर्टमधलं ते एक वाक्य

‘थीसिस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं आणि एम.ई.वाल्यांचे उतरलेले चेहरे! पण थीसिस म्हणजे मुळात जाड पुस्तक नव्हे. थीसिस म्हणजे आपण मांडलेलं मत. ते मत ज्या एका वाक्यात येतं, ते थीसिस स्टेटमेंट. आपण त्याला सरळ ‘मुख्य विधान’ म्हणू.

मला हे कळलं ते तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला. विषय होता ‘सौर ऊर्जा : एक अभ्यास’. चाळीस पानं, रंगीत आकृत्या, स्पायरल बाइंडिंग. सरांनी रिपोर्ट चाळला, मिटला आणि विचारलं, “ठीक आहे, पण तुला म्हणायचंय काय?”

“सर, सौर ऊर्जा महत्त्वाची आहे.”

“मग नाही कोण म्हणतंय?”

झालं, विकेट गेली! पण मुख्य विधानाची पहिली कसोटी तिथेच मिळाली. ज्याला कोणी ‘नाही’ म्हणूच शकत नाही, ते विधान सिद्ध करायला चाळीस पानं कशाला हवीत?

आता एक चांगलं उदाहरण बघू. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला ताशी साधारण ६५ कि.मी. वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याची फिल्म आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ‘पूल रेझोनन्समुळे पडला’ असं अनेक पुस्तकांत छापलेलं होतं. १९९१ मध्ये बिलाह आणि स्कॅनलन यांनी एक पेपर लिहिला. त्याचा विषय नुसता ‘टॅकोमा पुलाचा अभ्यास’ असा नव्हता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पुस्तकांतलं साध्या रेझोनन्सचं स्पष्टीकरण चूक आहे, कारण पुलाला पिळणारं बल पुलाच्या स्वतःच्याच हालचालीतून तयार होत होतं. पुरावा काय? त्या वाऱ्यात पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता सेकंदाला सुमारे एक येते, पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. मग दोन्ही जुळणार कसे?

बघा, त्या एका वाक्यात तीन गोष्टी आल्या. नेमका दावा, त्यामागचं ‘कारण’ आणि तपासून पाहायची सोय. शिवाय चूक कोणाची, हेही कळतं.

सरांनी परत पाठवल्यावर मीही गच्चीवरच्या सोलर हीटरकडे वळलो. नवं वाक्य केलं : ‘आपल्या हॉस्टेलमध्ये सकाळी गरम पाणी मिळत नाही ते पॅनेल कमी आहेत म्हणून नव्हे, तर खाली येणारे उघडे पाईप रात्रभर गार होतात म्हणून.’ आता काय करायचं ते आपोआप ठरलं. थर्मामीटर घेऊन पहाटे आधी टाकीपाशी आणि मग तळमजल्याच्या नळापाशी! सौर ऊर्जेचा इतिहास, जगातले मोठे प्रकल्प, अशी पंचवीस पानं गळाली. वाईट वाटलं, पण गळाली.

गंमत पुढेच आहे. पहाटेचं पाणी खरंच पाईपमुळे गार येत होतं, पण साडेसातनंतर टाकीतलंच पाणी कोमट झालेलं असायचं. म्हणजे माझं विधान अर्धंच खरं! मग त्यात ‘पहिल्या बॅचपुरतं’ हे शब्द घातले. मुख्य विधान ही सुरुवातीची अटकळ असते. मोजमापं वेगळं सांगू लागली, तर वाक्य बदलायचं, आकडे नाही.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याची फाईल उघडण्याआधी एवढं करा. आपलं म्हणणं एका वाक्यात लिहा. प्रस्तावनेच्या शेवटी ते ठेवा. मग प्रत्येक प्रकरणाला विचारा, ‘तुझा या वाक्याशी संबंध काय?’ उत्तर नसेल तर ते प्रकरण काढा. आणि हो, ते वाक्य रूममेटला वाचून दाखवा. तो “बरं मग?” म्हणाला तर पुन्हा लिहा. “छे, असं कसं असेल?” म्हणून उठून बसला, तर समजा जमलं!