शनिवारी शहरात काय काय आहे? नोंदवहीला विचारा!

दोस्तांनो, न्यूयॉर्क हे अमेरिकेतलं केवढं तरी मोठं शहर. ऐंशी लाखांहून जास्त माणसं तिथे राहतात. येत्या शनिवारी त्या शहरातल्या कोणत्या गल्लीत गाड्या बंद करून मुलं रस्त्यावर खेळणार आहेत? कोणत्या मैदानावर छोट्यांचे बेसबॉलचे सामने आहेत? शेतकरी ताजी भाजी घेऊन कुठे बसणार आहेत? हे सगळं एकाच माणसाला ठाऊक असणं शक्य नाही. अगदी तिथल्या महापौरांनासुद्धा!

एका नोंदवहीला मात्र यातलं बरंच काही ठाऊक असतं. ती शहराच्या कारभाराची नोंदवही आहे आणि इंटरनेट असेल तर बार्शीत किंवा चिपळूणला बसूनही उघडता येते. पैसे लागत नाहीत, ओळखपत्र लागत नाही, "कशाला हवीय?" असं कुणी विचारत नाही. चला, आज तीच वही उघडू या.

वही लिहिली कुणासाठी?

आपल्याकडे गणपतीचा मांडव रस्त्यावर घालायचा असेल तर मंडळाचे कार्यकर्ते काय करतात? महापालिकेत अर्ज देतात, पोलिसांची परवानगी काढतात. रस्ता सगळ्यांचा असतो, म्हणून त्याचा तुकडा आपल्या कार्यक्रमासाठी वापरायचा तर विचारावं लागतं. न्यूयॉर्कमध्येही तसंच आहे. एखाद्या गल्लीतल्या शेजाऱ्यांना वाटतं, एक दिवस रस्त्यावरच टेबलं मांडून सगळ्यांनी एकत्र जेवावं. याला तिथे 'ब्लॉक पार्टी' म्हणतात. त्यासाठी रस्त्यांवरच्या कार्यक्रमांना परवानगी देणाऱ्या कचेरीत अर्ज करायचा. बागेतलं मैदान हवं असेल तर उद्यान विभागाकडे जायचं. अर्ज मंजूर झाला की त्याची नोंद होते.

ही नोंद ठेवण्यामागचं कारण तुमची-आमची सुट्टी मजेत जावी, हे नव्हतं. एकाच मैदानावर एकाच वेळी दोन संघ येऊन उभे राहू नयेत, रस्ता बंद असेल तर ते पोलिसांना आधी कळावं, यासाठी ती ठेवली जाते.

मग ७ मार्च २०१२ रोजी न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी एका कायद्यावर सही केली. शहराच्या सगळ्या खात्यांनी आपली सार्वजनिक माहिती एकाच संकेतस्थळावर खुली करायची, आणि तीही संगणकाला वाचता येईल अशा रूपात, असं तो कायदा सांगतो. यातली दुसरी अट फार मोलाची आहे. नोटीस बोर्डावरच्या कागदाचा फोटो माणसाला वाचता येतो. पण अशा हजारो फोटोंमधून फक्त शनिवारचे कार्यक्रम शोधायचे म्हटलं तर दिवस जाईल. तीच माहिती तक्त्यात असेल तर संगणक ती क्षणात वेगळी काढून देतो. अशा सर्वांसाठी मोकळ्या माहितीला 'खुला विदा' किंवा 'ओपन डेटा' म्हणतात.

एक ओळ वाचून पाहू

परवानगी मिळालेल्या कार्यक्रमांचा तक्ता रोज ताजा होतो आणि त्यात पुढच्या साधारण महिन्याभरातले कार्यक्रम असतात. प्रत्येक नोंदीची एक आडवी ओळ. प्रत्येक ओळीत ठरलेले रकाने: कार्यक्रमाचा क्रमांक, नाव, सुरू व्हायची तारीख आणि वेळ, संपायची तारीख आणि वेळ, परवानगी देणारी कचेरी, कार्यक्रमाचा प्रकार, शहराचा भाग, नेमकं ठिकाण, रस्ता बंद आहे का आणि किती, जवळचं पोलीस ठाणं कोणतं.

शहराचे भाग पाच: मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड. ठिकाण लिहायची पद्धतही बघण्यासारखी आहे. 'वडाच्या झाडाजवळ' असं लिहून तिथे चालत नाही. 'अमुक रस्ता, या अव्हेन्यूपासून त्या अव्हेन्यूपर्यंत' असं लिहितात. म्हणजे रस्त्याचा कोणता तुकडा, हे अगदी पक्कं होतं. पुढच्या रकान्यात पूर्ण रस्ता बंद, की फक्त कडेची मार्गिका, हेही कळतं.

वही पहिल्यांदा उघडली की जरा गोंधळायला होतं. ओळींमागून ओळी फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या! एवढं मोठं शहर नुसतं खेळतच असतं की काय? तसं नाही. मैदानाची परवानगी जागा आणि वेळ पाहून मिळते, त्यामुळे एकाच संघाच्या सरावाच्या अनेक ओळी होतात. म्हणून ओळी मोजल्या म्हणजे कार्यक्रम मोजले, असं समजायचं नाही. तक्ता वाचणाऱ्याने 'एक ओळ म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो.

मग आपल्याला हवं ते शोधायचं कसं? फिल्टर लावून. भाग 'क्वीन्स' निवडा, हजारो ओळींतल्या बऱ्याच गळून जातात. प्रकार 'ब्लॉक पार्टी' निवडा, आणखी गळतात. तारीख निवडा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. माहिती वाढवून नाही, तर कमी करत करत उत्तर सापडतं!

वहीला काय ठाऊक नसतं?

आता एक कोडं. ग्रंथालयाच्या खोलीत गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम आहे. तो या तक्त्यात सापडेल का? विचार करा...

नाही सापडणार. कारण तिथे रस्ता किंवा मैदान अडवायचं नसतं, म्हणून ती परवानगीच लागत नाही. कार्यक्रम फुकट आहे का, लहान मुलांना चालेल का, हेही या तक्त्यात नाही. कारण परवानगी देणाऱ्याला त्याची गरज नव्हती. शिवाय परवानगी मिळाली म्हणजे कार्यक्रम होईलच असंही नाही. धो धो पाऊस आला तर सामना रद्द होतो, पण आदल्या दिवशी लिहिलेल्या तक्त्याला पावसाची काय कल्पना! म्हणून निघण्यापूर्वी आयोजकांना विचारून खात्री करावीच लागते.

यादी ज्या कामासाठी बनली, त्या कामापुरतंच तिला ठाऊक असतं. हे एकदा ओळखलं, की एका यादीत जे नाही ते दुसऱ्या कोणत्या यादीत शोधायचं, हेही सुचू लागतं.

अशी दुसरी यादी न्यूयॉर्कच्या उद्यान विभागाकडे आहे. ती लोकांना कार्यक्रमांना बोलावण्यासाठीच बनते, म्हणून तिचे रकाने वेगळे आहेत. तिच्यात कार्यक्रमाचं वर्णन आहे, तो मोफत आहे का यासाठी वेगळा रकाना आहे. ही यादी एका तक्त्यात मावत नाही. कार्यक्रमांचा एक तक्ता, ठिकाणांचा दुसरा, प्रकारांचा तिसरा, असे कितीतरी. ते जोडले जातात कार्यक्रमाच्या क्रमांकाने. पहिल्या तक्त्यात जो क्रमांक, तोच ठिकाणांच्या तक्त्यात शोधला की कार्यक्रम कुठे आहे ते कळतं.

क्वीन्समध्ये फ्लशिंग नावाची वस्ती आहे. तिथे १९७७ साली प्राणप्रतिष्ठा झालेलं गणपतीचं प्रसिद्ध देऊळ आहे. समजा, तुमची मावसबहीण त्या देवळाजवळ राहते. तिच्या आजी चाकांच्या खुर्चीत बसून फिरतात आणि दोघींना शनिवारी बागेतल्या एखाद्या कार्यक्रमाला जायचंय. ती काय करेल? आधी कार्यक्रमांच्या तक्त्यात शनिवारची तारीख निवडेल, मग 'मोफत'. उरलेले क्रमांक ठिकाणांच्या तक्त्यात शोधेल. तिथे एक रकाना असा आहे, की चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्याला त्या जागी पोहोचता येईल का, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या एका रकान्यामुळे आजींची शनिवारची दुपार घराबाहेर जाऊ शकते. मला सगळ्या यादीत हाच रकाना फार आवडतो. तो भरणाऱ्याने आजींसारख्यांचा विचार केला होता.

तारखेची गंमत, उण्याची करामत

०८/०९/२०२५ ही तारीख कोणती? तुम्ही म्हणाल ८ सप्टेंबर. अमेरिकेतली मुलं म्हणतील ९ ऑगस्ट, कारण ती महिना आधी लिहितात. संगणकापुढे तर आणखी एक पेच. तारीख त्याला नुसता मजकूर म्हणून दिली, तर तो डावीकडून एकेक अक्षर बघून क्रम लावतो. मग ०१/०५/२०२६ ही तारीख ०८/०९/२०२५ च्या आधी जाऊन बसते, कारण ० नंतरचा १ हा ८ पेक्षा लहान! २०२६ चा कार्यक्रम २०२५ च्या आधी.

यावर एक सोपी युक्ती आहे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०८-०९. आता अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच झाला. १९८८ साली ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिचं नाव आयएसओ ८६०१.

दुसरी करामत ठिकाणाची. ठिकाणांच्या तक्त्यात अक्षांश-रेखांशही असतात. न्यूयॉर्कचा अक्षांश सुमारे ४०.७ उत्तर आणि रेखांश सुमारे ७४ पश्चिम. संगणकाला 'पश्चिम' सांगण्यासाठी आकड्याआधी उणे चिन्ह लावतात: -७४. ते चिन्ह विसरलं तर? नकाशाची पुस्तिका काढा आणि ४०.७ उत्तर, ७४ पूर्व कुठे येतं ते बघा. मध्य आशियातल्या किर्गिझस्तानच्या डोंगरांत! एका आडव्या रेघेपायी बागेतली मैफल अर्ध्या जगापलीकडे जाऊन पडते. गणितात उणे चिन्ह सुटल्यावर बाई का रागावतात, ते आता कळलं ना?

खुलं काय, झाकलेलं काय?

खुला विदा म्हणजे सगळंच उघड असं नव्हे हं. कार्यक्रमांच्या परवानगीच्या या तक्त्यात अर्जदाराच्या घरचा पत्ता किंवा फोन नंबर नसतो. रस्ता कधी बंद आहे, हे सगळ्यांना कळायलाच हवं. अर्ज करणारे काका कुठे राहतात, हे कळायची गरज नाही. शहराची माहिती खुली, माणसाची खासगी माहिती सांभाळलेली, असा हा नियम आहे.

न्यूयॉर्कचा कायदा झाला त्याच महिन्यात, मार्च २०१२ मध्ये, आपल्या भारत सरकारनेही माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. सरकारी खात्यांचे तक्ते जिथे मिळतात, ते भारताचं संकेतस्थळही त्याच वर्षी सुरू झालं. ताई-दादाला सोबत घेऊन ते जरूर उघडून पाहा.

करून पाहा

चारपाच मित्रमैत्रिणी मिळून आपल्या गावाचा तक्ता बनवा. रकाने असे: क्रमांक, कार्यक्रमाचं नाव, तारीख (वर्ष आधी!), वेळ, ठिकाण, मोफत आहे का, चाकांची खुर्ची जाईल का. मग महिन्याभरातली व्याख्यानं, जत्रा, कुस्त्या, भजनं, आठवडे बाजार, वाचनालयातले उपक्रम यांची माहिती विचारून विचारून भरा. तक्ता शाळेच्या फळ्याशेजारी लावा. आणि शिक्षकांच्या मदतीने ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एक पत्र लिहा: "आमच्या गावातल्या कार्यक्रमांची यादी सगळ्यांना वाचता येईल अशा तक्त्यात दर महिन्याला खुली करा." पत्र नम्र असू द्या, पण पाठवाच. गावाच्या कारभाराची माहिती गावातल्या प्रत्येकाची आहे, आणि त्या प्रत्येकात तुम्हीही आहात.